मोत्याची आंघोळ

परवा भाचीचा फोन आला. तिच्या घरी नुकतंच एक छोटं पॉमेरियन आलंय. "मावशी, ऊन वाढलंय. याचे केस मशीनने काढून टाकू का? किती गरम होत असेल बिचाऱ्याला!" मी जवळजवळ ओरडलेच, "अगं, अजिबात नको!" त्या ओरडण्यामागे आमच्या मोत्याची गोष्ट आहे, आणि मोत्याच्या मागे बराच जुना इतिहास. म्हटलं, लिहूनच काढावं.

1990 च्या सुमारास आमच्या अकोल्यात बऱ्याच घरी एक पांढरं, केसाळ कुत्रं असायचं. आम्ही त्याला 'पामेरियन' म्हणायचो. खरं तर तो इंडियन स्पिट्झ. 1994 च्या 'हम आपके हैं कौन'मधला टफी याच जातीचा. मोत्याला घरात घेताना आजीची एकच अट होती : दर रविवारी आंघोळ झाली, तरच ओसरीच्या आत पाऊल. थोडक्यात, त्याचं घरातलं स्थान बादलीभर पाण्यावर अवलंबून होतं.

आता वाटतं, कुत्र्याच्या आंघोळीचा सगळा इतिहासच या ओसरीचा आहे. जोवर कुत्रं बाहेर होतं, तोवर त्याच्या अंगाची काळजी त्याच्या कामासाठी होती. दुसऱ्या शतकातला ग्रीक लेखक ॲरियन शिकारीवरच्या पुस्तकात सांगतो, की घोड्याइतकंच कुत्र्याचंही सर्वांग चोळावं, त्याने त्याला फायदा होतो. पूडलचे ते विचित्र केस घ्या. मूळचा हा पाण्यात पडलेले पक्षी काढून आणणारा कुत्रा. जर्मन नावातच पाण्यात डुबक्या मारणं आहे. पोहताना अडू नये म्हणून मागचे केस कापायचे, पण छाती आणि सांधे गारठू नयेत म्हणून तिथले ठेवायचे. म्हणजे त्या गोंड्यांना मुळात कारण होतं! पुढे पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी कुत्र्यांचे केस कापणारे बसू लागले, आणि कारण मागे पडून नुसती फॅशन उरली.

मग आली विलायती प्रदर्शनं. 1859 मध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं, 1873 मध्ये लंडनला केनेल क्लब निघाला. 1888 मध्ये व्हिक्टोरिया राणीने फ्लॉरेन्सहून मार्को नावाचा छोटा पॉमेरियन आणला. तो साधारण साडेपाच किलोचा. त्याआधीचे पॉमेरियन याच्या दुपटीहून मोठे असत. राणीला छोटे आवडतात म्हटल्यावर लोकांनाही छोटेच हवेसे झाले. आज तर ते दोन-तीन किलोवर आलेत. 1901 मध्ये राणी गेली, तेव्हा तिचा तुरी नावाचा पॉमेरियन तिच्या पलंगावर होता. कुत्रं अंगणातून थेट पलंगावर! आणि पलंगावर यायचं तर न्हाऊनच यायला हवं.

आकार बदलला, अंगावरची लोकर मात्र थंड उत्तरेतलीच राहिली. वरचे लांब केस आणि आत मऊ, दाट थर. आम्हाला हे कुठलं माहीत! एका एप्रिलमध्ये, "पूडलचे नाही का कापत?" असं म्हणत बाबांनी कात्री घेतली आणि मोत्याला पार भादरला. मी पाय धरून ठेवले होते.

चार दिवसांत त्याची पाठ उन्हाने लाल झाली. ते केस त्याला ऊब देत तसे उन्हापासून वाचवतही होते. नंतर केस आले, पण ठिगळाठिगळांचे. पहिल्यासारखा तो कधीच झाला नाही. दोन दिवस तो पलंगाखालून बाहेर आला नव्हता, ते मला अजून आठवतं. कारण त्याने ज्या हातांवर भरवसा ठेवला, त्यांत माझेही होते.

भाचीला मग एवढंच सांगितलं. केस कापू नकोस, रोज विंचर. आतली गळलेली लोकर निघाली, की उन्हाळ्यात पुरतं. आंघोळीआधी विंचर, ओले गुंते आणखी घट्ट बसतात. पाणी कोमट घे. कानात जाऊ देऊ नकोस, डोकं शेवटी. आपला साबण-शाम्पू नको, त्यांची कातडी वेगळी असते. फेस पूर्ण निघेपर्यंत धू आणि आतला थर नीट कोरडा कर. छोटा जीव लवकर गारठतो. आणि दर आठवड्याला नको, महिन्याने बास.

आमची आजी मात्र शिकलेल्या आमच्यापेक्षा लवकर शहाणी झाली. त्या उन्हाळ्यात तिने रविवारची अट गुपचूप मागे घेतली. दुपारी स्वयंपाकघरातल्या शहाबादी फरशीवर ती थोडं पाणी शिंपडायची आणि मोत्याला हाक मारायची. तो यायचा, पोट टेकून पसरायचा. आजी शेजारी पाटावर बसून त्याच्या पाठीला हळूहळू खोबरेल लावायची. आंघोळ न झालेला कुत्रा, थेट स्वयंपाकघरात! आम्ही कोणी काही बोललो नाही.