मुंबईची जुनी चर्चे



आपल्यापैकी ज्यांचे मुंबईला जाणेयेणे आहे त्यांनी चर्चगेटचे तिकीट एकदा तरी काढले असेल. त्या स्टेशनाबाहेर उभे राहून येथले गेट कोणते आणि चर्च कोणते, असे कोणी विचारल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. दोन्ही तेथे नाहीत. गेट होते ते कोटाच्या तटाला, आज जेथे फ्लोरा फाउंटन आहे त्या जागी. १८६० नंतरच्या चारपाच वर्षांत तट पाडला तेव्हा तेही गेले, आणि १८६४ साली तेथे कारंजे उभे राहिले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला तो ह्याच परिसरात, आणि १९६१ पासून तेथे हुतात्म्यांच्या स्मारकावर शेतकरी व कामगार एक मशाल धरून उभे आहेत. चर्च मात्र आपली जागा सोडून हललेले नाही. हुतात्मा चौकातून हॉर्निमन सर्कलकडे चालू लागले की थोड्याच अंतरावर ते लागते. सेंट थॉमस कथीड्रल ते हेच.

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने चर्चवर व्याख्यान द्यावे ह्याचे आपल्याला नवल वाटेल. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि आमचे शिक्षण रात्रशाळेत झाले, तेही पुरते नव्हे. पुढचे जे काही वाचन ते वाचनालयाच्या बाकावर. पण संघटनेच्या कामाने एक सवय लागते. कोणतीही इमारत पाहिली की तिचा हजेरीपट आठवतो. पैसे कोणी दिले, दगड कोणी फोडला, भिंतीवर नाव कोणाचे लागले, आणि कोणाचे लागले नाही? हे चार प्रश्न मनात धरून आम्ही मुंबईच्या जुन्या चर्चांतून हिंडलो आहो. त्यांत जे दिसले तेवढेच आज सांगणार आहो.

सेंट थॉमसचा पाया १६७६ साली घातला गेला. जेराल्ड ऑंजिए हा त्या वेळी कंपनीचा गव्हर्नर. मुंबई हे व्यापाराचे शहर व्हावे, तेथे सर्व जातींच्या व्यापाऱ्यांना निर्धोकपणे राहता यावे, ही कल्पना त्याची. शहर उभारायचे तर देऊळ हवे, हा विचार आपल्याकडच्या वसाहती वसवणाऱ्या पाटलांनाही अपरिचित नव्हता. पण १६७७ साली ऑंजिए सुरतेस वारला आणि काम थांबले. माणसाच्या दीडदोन पुरुष उंचीच्या भिंती तशाच चाळीसेक वर्षे पावसात उभ्या राहिल्या. आधी जमवलेला पैसा कुठे गेला ह्याविषयी त्या काळापासूनच कुजबूज आहे. वर्गणीच्या हिशेबाची कुजबूज फार जुनी आहे, हे ऐकून आमच्या काही सहकाऱ्यांना बरे वाटेल!

१७१४ साली रिचर्ड कॉब नावाचा तरुण पाद्री आला. कोटातल्या एका खोलीत प्रार्थना चालते आणि बाहेर अर्धवट भिंतींना झुडपे फुटतात, हे त्याला सोसेना. त्याने व्यासपीठावरून कानउघाडणी केली, वर्गणी सुरू केली, गव्हर्नर चार्ल्स बून ह्याला मागे लागून कामाला लावले. १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले.

त्या दिवशीची एक हकीकत आम्हांला फार मोलाची वाटते. उद्घाटनाला मुंबईतील एक बडे गृहस्थ आपल्या जातभाईंसह हजर होते. त्यांचे नाव रामाजी कामत, इंग्रजांच्या लेखी ‘रामा कामाठी’. जातीने शेणवी. कंपनीच्या भंडारी शिपायांवर त्यांचा अधिकार होता आणि व्यापारातही त्यांचे वजन मोठे. कॉबने लिहून ठेवले आहे की ही मंडळी प्रार्थनेची शिस्त पाहून इतकी प्रसन्न झाली की विधी संपेपर्यंत तेथून हलली नाहीत. तीनच वर्षांपूर्वी, १७१५ साली, ह्याच रामाजींनी वाळकेश्वराचे देऊळ पुन्हा बांधले होते. ज्या मंदिरात आज मुंबईकर बाणगंगेला जाऊन हात जोडतात त्याचा जीर्णोद्धार करणारा माणूस नाताळला इंग्रजांच्या नव्या चर्चमध्ये पाहुणा होता! मुंबईचा इतिहास जातवार कप्पे करून लिहिणाऱ्यांनी हा एक दिवस कोणत्या कप्प्यात घालावा ते आम्हांला कळत नाही.

पुढची गोष्ट कडू आहे. दोनच वर्षांनी, १७२० साली, बूनच्याच सरकारने रामाजींवर कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवला. पत्रे पुढे केली गेली. एका साक्षीदाराच्या अंगठ्यांना लोखंडी पेच आवळून त्याच्याकडून हवी ती जबानी काढली. जन्मठेप झाली, मालमत्ता जप्त झाली, आणि १७२८ साली रामाजी तुरुंगातच वारले. ती पत्रे बनावट होती असे पुढे म्हटले गेले. आरोप ठेवणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा देणारा एकच, अशा चौकशा ज्यांनी कारखान्यात पाहिल्या आहेत त्यांना ह्यात नवीन काही वाटणार नाही. सेंट थॉमसच्या भिंतींवर गव्हर्नरांचे, कप्तानांचे, बिशपांचे संगमरवरी लेख आहेत. जोनाथन डंकन हा १७९५ ते १८११ मुंबईचा गव्हर्नर. काशी व काठियावाड प्रांतांत मुली मारण्याची चाल बंद पाडल्याबद्दल त्याचे स्मारक तेथे आहे, आणि ते त्याला शोभते. उद्घाटनाला शेवटपर्यंत थांबलेल्या रामाजींना मात्र शहराने तुरुंग दिला.

ह्या चर्चसमोर मोकळे मैदान होते, त्याला ‘बॉम्बे ग्रीन’ म्हणत. आज जेथे हॉर्निमन सर्कलची बाग आहे तीच जागा. तेथे कापसाच्या गासड्यांचे ढीग लागत. १८४४ साली हा बाजार कुलाब्याला हलवला, आणि विसाव्या शतकात तेथून शिवडीला. ‘कॉटन ग्रीन’ हे हार्बर मार्गावरचे स्टेशन त्याच्यामागोमाग आलेले नाव आहे. म्हणजे गिरणगावाला ज्या कापसाने जन्म दिला त्याचे पहिले ओझे चर्चच्या दारात उतरले. १८६० च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचा भाव आकाशाला भिडला, तेव्हा ह्या चर्चचाही मोठा जीर्णोद्धार काढला. १८६५ साली युद्ध संपले, शेअरबाजार कोसळला, आणि पूर्व बाजूचा भाग उरकून बाकीचे काम सोडून द्यावे लागले. चर्चची भिंत ही कापसाच्या भावाची नोंदवही कशी होते ते ह्यावरून दिसेल.

आणखी एक खूण सांगतो, ती तर थेट आमच्या अंगणातली आहे. जुन्या मुंबईत अंतरे मोजीत ती सेंट थॉमसपासून. रस्त्याकडेला काळ्या दगडाचे मैलखांब होते, त्यांवर रोमन आकड्यांत मैल आणि खाली ह्या चर्चचे नाव. पदपथावर पदपथ चढत गेले आणि पुष्कळ खांब गळ्यापर्यंत गाडले गेले. अलीकडच्या वर्षांत ते शोधून काढून नीट बसवण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, ही समाधानाची गोष्ट. भायखळा, लालबाग, परळ, दादर ह्या वाटेने गिरणीच्या भोंग्याला धावणाऱ्या पिढ्यांना त्या खांबांवरचे अक्षर वाचता येत नव्हते. पण त्यांचे घर गावापासून किती लांब, हे सरकारदरबारी ठरत होते ते त्या एका चर्चच्या दारापासून.

त्या खांबांच्या वाटेनेच परळला येऊ. येथे एक चर्च असे आहे की ते कोणाला दिसत नाही. पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ आणि त्याचे छोटे प्रार्थनामंदिर परळला होते. इंग्रजांनी १७१९ च्या सुमारास ते ताब्यात घेतले. १७२० साली तर पोर्तुगीज पाद्र्यांना बेटाबाहेर काढून मुंबईतील कॅथलिकांची व्यवस्था कार्मेलाइट पंथाच्या पाद्र्यांकडे दिली. मठाचा पुढे गव्हर्नरचा बंगला झाला. जेथे पूर्वी प्रार्थना होई तेथे मेजवान्यांची टेबले लागली आणि वरच्या मजल्यावर नाचाचा दिवाणखाना झाला. भोवती गिरण्या वाढल्या, वस्ती वाढली, पाण्याची घाण वाढली. १८८२ साली गव्हर्नर फर्ग्युसनची पत्नी त्या बंगल्यात पटकीने वारली आणि गव्हर्नरांनी परळ सोडून मलबार टेकडीची हवा धरली. परळच्या माणसाला जायला टेकडी नव्हती.

१८९६ साली प्लेग आला. वाल्देमार हाफकिन ह्या शास्त्रज्ञाने १८९७ च्या आरंभी लस सिद्ध केली ती भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात, आणि पहिली सुई स्वतःच्या अंगाला टोचून घेतली. १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळच्या ह्या रिकाम्या बंगल्यात आली. १९२५ पासून तिला हाफकिनचे नाव आहे. मठ, राजवाडा, प्रयोगशाळा, असा त्या वास्तूचा प्रवास. परळमध्ये कोणालाही ‘हाफकिन कुठे’ विचारा, तो बोट दाखवील. त्या भिंतींत एक जुने चर्च आहे हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही.

माहीमचे सेंट मायकेल ह्याच्या अगदी उलट, ते सर्वांना दिसते. त्याचे मूळ १५३४ पर्यंत मागे नेतात. इमारत पुनःपुन्हा बांधली गेली, सध्याची १९७३ ची. १९४८ पासून तेथे दर बुधवारी नोव्हेना चालते, आणि त्या दिवशी रांगेत उभ्या राहणाऱ्यांचा धर्म कोणी विचारीत नाही. मेणाचे हात, पाय, मेणाची घरे वाहतात. मुंबईत मेणाचे घर वाहणारे किती असतील ते निराळे सांगायला नको!

पण ह्याच चर्चमध्ये १८५३ साली काय घडले ते आमच्या धंद्यातल्या माणसाने वाचलेच पाहिजे. मुंबईतल्या कॅथलिकांवर अधिकार कोणाचा, पोर्तुगालच्या राजाने नेमलेल्या धर्माधिकाऱ्यांचा की थेट रोमहून आलेल्यांचा, हा वाद शंभरावर वर्षे धुमसत होता. माहीमच्या लोकांचा कल पोर्तुगालच्या बाजूला झुकला, तेव्हा रोमच्या बाजूचे बिशप हार्टमन स्वतः आपल्या माणसांसह चर्चमध्ये शिरून बसले. विरोधी पक्षाने बाहेरून वेढा दिला. अन्नपाणी आत जाऊ देईनात. पंधरा दिवस हा प्रकार चालला. अखेर सरकारी अधिकाऱ्यांनी मध्ये पडून दार उघडवले आणि चर्च पोर्तुगाल पक्षाकडे गेले. मुंबईतली ही दुहेरी सत्ता मिटायला पुढे १९२८ साल उजाडले. वेढा देणारे आणि वेढ्यात सापडलेले, दोघेही सकाळ-संध्याकाळ एकच प्रार्थना म्हणत होते. संघटनांच्या फुटीत दोन्हीकडे लाल बावटा असतो, तसेच हे.

आता वाट बदलून बेटाच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याला जाऊ. तेथे सेंट जॉनचे चर्च आहे. लोक त्याला अफगाण चर्च म्हणतात, आणि बसचा थांबाही त्याच नावाचा आहे. १८४७ साली पाया घातला, १८५८ च्या जानेवारीत ते प्रार्थनेसाठी उघडले, आणि उंच मनोरा १८६५ साली पुरा झाला. समुद्रावरून येणारी गलबते त्या मनोऱ्याची खूण धरीत. आराखडा हेन्री कॉनिबेअरचा. विहार तलावाचे पाणी मुंबईला आणण्याची योजना मांडली तीही ह्याच इंजिनिअरने. इमारतीचा दगड कुर्ल्याचा. तो खाणीतून फोडणाऱ्यांची, गाडीवर चढवणाऱ्यांची, टाकी मारणाऱ्यांची नावे चर्चच्या भिंतीवर नाहीत. ती कोणत्याही इमारतीवर नसतात, म्हणून त्याची तक्रार येथे करीत नाही.

हे चर्च पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत पडलेल्यांचे स्मारक आहे. १८३८ साली मुंबई फौजेची तुकडी सिंधच्या किनाऱ्यावर उतरून अफगाणिस्तानात गेली. त्या फौजेत कोकणातले आणि देशावरचे मराठे होते, महार होते. कंदाहार, गझनी, काबूल ही नावे रत्नागिरीच्या घराघरांत पोचली ती ह्या वाटेने. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून इंग्रजी फौज माघारी निघाली. ती मुख्यतः बंगालची. लढणारे सुमारे साडेचार हजार, आणि त्यांच्याबरोबर बाजारबुणगे सुमारे बारा हजार. ‘बाजारबुणगे’ हा शब्द आपल्या बखरींतून आपण तुच्छतेने वाचतो. कोण असत ते? पखालवाले, मोतद्दार, उंटवाले, डोलीचे भोई, स्वयंपाकी, आणि त्यांच्या बायकापोरी. बर्फाने आणि गोळ्यांनी खिंडीत बहुतेक सर्व संपले. जलालाबादच्या तटाशी घोड्यावरून पोचलेला डॉक्टर ब्रायडन मात्र चित्रांत अमर झाला. शाळेच्या पुस्तकात तो एकटा वाचला असे असते. मागाहून काही हिंदी शिपाई आणि नोकरही रखडत आले, ते चित्रात नाहीत.

चर्चच्या आत वेदीकडच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे ओळीने कोरली आहेत. दर्जा, पलटण, सगळे नीट. त्याखाली एक लेख आहे. त्याचा आशय असा की, हे स्मारक वर ज्यांची नावे आहेत त्या अधिकाऱ्यांचे, तसेच खालच्या दर्जाच्या आणि साध्या शिपायांचेही आहे. तेही कर्तव्य स्मरून तलवारीने किंवा आजाराने पडले. मात्र त्यांची संख्या इतकी मोठी आहे की नावे नोंदवता आली नाहीत. बारा हजार बाजारबुणग्यांचा त्या लेखात उल्लेखच नाही.

आम्ही हा लेख प्रथम वाचला तेव्हा आमच्याबरोबर गोदीतला एक तरुण कामगार होता. त्याला इंग्रजी येत नव्हते, म्हणून मोठ्याने मराठीत सांगितला. तो थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “पण भिंतीवर जागा तर पुष्कळ आहे.”