बँबीचे पाडस, जातकातले हरीण आणि आपला राम

 

उन्हाळ्याच्या सुट्टीत टीव्हीवर लागणारे एक रामायण आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. अरुण गोविल यांचे मालिकेतले नव्हे, रेखाटलेले. घोडेगावात आमच्या घरी ते लागले की आजी तांदळाचे ताट मांडीवर घेऊन समोर बसे आणि कुंभकर्ण उठला की निवडणे थांबे. तिच्या लेखी ते ‘जपान्यांचे रामायण’ होते. मीही बरीच वर्षे तेच समजत होते. पदव्युत्तर अभ्यासाला लागल्यावर श्रेयनामावली नीट वाचण्याची सवय लागली, तेव्हा दिग्दर्शक म्हणून तीन नावे दिसली : युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन. या तिसऱ्या नावाचा माग काढत गेले, तर वाट मुंबईहून थेट वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओत पोहोचते. त्याहून मागे, नाशिककडे जाऊ पाहावे, तर मात्र ती मध्येच तुटते. हे तुटणे हाच आजचा विषय.

आधी पडद्यामागची हकीकत. १९८३ साली युगो साको भारतात आले ते चित्रपट करायला नव्हे. अलाहाबादजवळ पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांचे उत्खनन चालू होते, त्याविषयीच्या माहितीपटाचे काम होते. (इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी इथे थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही.) तिथे रामकथेची ओळख झाली आणि मायदेशी परतल्यावर साकोंनी तिच्या जपानी आवृत्त्या एकामागून एक वाचून काढल्या. मनुष्य नटाला देवत्वाची मर्यादा पडते, रेषेला ती पडत नाही, अशी त्यांची धारणा झाली. परदेशी माणसाने रामायणाला हात घालू नये असा आक्षेप विश्व हिंदू परिषदेने घेतला. गैरसमज दूर झाल्यावर भारत सरकारपुढे सहनिर्मितीचा प्रस्ताव गेला आणि विषय नाजूक म्हणून नाकारला गेला. अखेर १९९० साली जपानमध्ये काम सुरू झाले. सुमारे ४५० कलावंत कामाला लागले. धोतर कसे नेसतात, नमस्कार कसा करतात, वडीलधारे आशीर्वाद देताना हात कुठे ठेवतात, हे भारतीय कलावंतांनी जपानी चित्रकारांना दाखवले. संगीत वनराज भाटियांचे, संस्कृत गीते वसंत देवांची. तेंडुलकरांची नाटके हिंदीत नेणारे तेच वसंत देव. तेव्हा ‘जपान्यांचे’ हे विशेषण अर्धेच खरे.

आता राम मोहन. जन्म १९३१ चा, मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. १९५६ साली, पंचविशीत, ते मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या कार्टून विभागात दाखल झाले. सरकारी माहितीपट काढणाऱ्या या संस्थेला अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून एक शिक्षक मिळाला होता : क्लेअर वीक्स. मिशनरी आईवडिलांचा हा मुलगा भारतातच जन्मला होता आणि पुढे डिस्नेकडे ‘स्नो व्हाइट’, ‘बँबी’, ‘पीटर पॅन’ यांसारख्या चित्रपटांवर त्याने काम केले होते.

‘बँबी’कडे (१९४२) इथे जरा थांबून पाहू. हरणे खरी वाटावीत म्हणून डिस्नेने मेन राज्यातून दोन जिवंत पाडसे स्टुडिओत आणवली होती. रिको लेब्रन नावाचा चित्रकार कलावंतांना प्राण्यांचे शरीरशास्त्र शिकवी : हाड कुठे वळते, सांधा कुठे मुडपतो, वजन कोणत्या पायावर जाते. मी घोडेगावची, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही. आमच्या जनावरांच्या बाजारात बैल घेणारा आधी त्याला चार पावले चालवून बघतो. उभ्या जनावराने लपवलेले दोष चालीत उघडे पडतात. डिस्नेचे कलावंत वेगळे काही करत नव्हते, फक्त एका सेकंदाच्या चालीसाठी २४ चौकटी भरत होते.

ही विद्या घेऊन वीक्स मुंबईत आले आणि त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ साली ‘द बनियन डीअर’ तयार झाला. विषय पुन्हा हरणाचाच, मात्र जातकातला. वाराणसीच्या राजासाठी रोज एका हरणाचा बळी ठरलेला. गाभण हरिणीची पाळी येते तेव्हा कळपाचा राजा स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवतो. या विभागात जी. के. गोखले यांच्यासारखे मराठी चित्रकारही होते. चित्रपटावर डिस्नेची छाप आहे हे सहज दिसते, आणि तो दोष मानावा असे मला वाटत नाही. विद्यार्थ्याच्या पहिल्या वहीत गुरूचे अक्षर उमटतेच. पुढे याच विभागात शिकलेल्यांनी आपले वळण शोधले. ‘एक अनेक और एकता’ (१९७४) आठवा. संकल्पना विजया मुळे यांची आणि अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचे, जे राम मोहन यांच्या हाताखाली शिकले होते. तिथे बँबीचा मागमूसही नाही.

परंतु प्रश्न असा की १९५६ साली मुळाक्षरांपासून शिकवायला परदेशी गुरू का लागला? हे तंत्र आपल्याकडे त्याआधी चाळीस वर्षांपूर्वीच येऊन गेले होते.

‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) काढण्यापूर्वी दादासाहेब फाळक्यांनी मटाराचे दाणे कुंडीत पेरले आणि कॅमेरा रोखून त्यांची वाढ एकेक चौकट करत टिपली. ‘अंकुराची वाढ’ पाहून भांडवल देणाऱ्याची खात्री पटली. थांबायचे, एक चौकट घ्यायची, पुन्हा थांबायचे, हा अ‍ॅनिमेशनचा पाया आहे. १९१५ साली त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ काढला. महायुद्ध सुरू होते, पैसा आणि कच्ची फिल्म दोन्ही दुर्मीळ. नटसंच नको, पोशाख नकोत, आगकाड्या पुरेत. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ साली असाच खेळ मांडला होता. फाळक्यांची ही फिल्म आज उपलब्ध नाही.

मग १९३४. पुण्यात प्रभातचा ‘जंबूकाका’ आला, कोलकात्यात न्यू थिएटर्सचा ‘द पी ब्रदर्स’. दोन्ही प्रयत्न एकाच वर्षी झाले, पण कुणी त्यांच्यापुढे सलग दहा वर्षे काम करून शिष्य घडवले नाहीत.

म्हणून ‘भारतातील पहिला अ‍ॅनिमेशनपट कोणता’ ही स्पर्धापरीक्षेची चौकशी मला फारशी पटत नाही. आपल्याकडे या कलेचा आरंभ एकदा झाला नाही, किमान तीनदा झाला, आणि प्रत्येक वेळी आधीच्याची पाटी पुसलेली होती. फाळक्यांचे कसब फिल्मबरोबर गेले. १९५६ नंतरचे टिकले, कारण पगार देणारी संस्था होती, वर्ग होता, आणि आज शिकणारा उद्या शिकवत होता. सरकारी माहितीपटांना आपण कितीही हसलो तरी हे श्रेय त्या कंटाळवाण्या दिसणाऱ्या खात्याला द्यावेच लागते.

राम मोहन १९६८ साली तिथून बाहेर पडले आणि १९७२ साली त्यांनी स्वतःचा स्टुडिओ काढला. साको यांच्या रामायणाचे दिग्दर्शन करताना मुंबईतल्या त्या वर्गाला साडेतीन दशके झाली होती. चित्रपट जानेवारी १९९३ मध्ये भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. अयोध्येतील घटनेला जेमतेम महिना उलटला होता. चित्रपटगृहांत तो सर्वदूर पोहोचलाच नाही. घराघरांत गेला तो टीव्हीमुळे, हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज घेऊन.

देशभरच्या चित्रपटगृहांत तो २४ जानेवारी २०२५ रोजी लागला. युगो साको २०१२ मध्ये वारले होते, राम मोहन २०१९ मध्ये.