ज्ञापक आणि कारक : विवाहनोंदणीची कहाणी



आज आपण लग्नाच्या कागदाचा इतिहास पाहणार आहोत. परदेशी गेलेली मुलं घरी फोन करून विचारतात, ‘आपल्याकडे लग्नाचं लायसन्स कुठं मिळतं?’ याचं उत्तर असं, की आपल्याकडे असं लायसन्स नसतंच. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी आधी परवाना घ्यायचा आणि मग लग्न लावायचं. आपल्याकडे बहुतेक लोक आधी लग्न लावतात, मग नोंद करतात. हा नुसता क्रमाचा फरक नाही. लग्न नेमकं कशानं होतं, हा प्रश्न त्यामागे आहे.

आपल्या तर्कशास्त्रात हेतूचे दोन प्रकार सांगतात. कारक हेतू म्हणजे जो वस्तू घडवतो. कुंभार घडा घडवतो तसा. ज्ञापक हेतू म्हणजे जो असलेली वस्तू कळवतो; अंधारातला घडा दिवा दाखवतो तसा. दिवा नसला म्हणून घडा नाहीसा होत नाही, आणि घडाच नसेल तर दिवा तो निर्माण करू शकत नाही. आता गंमत बघा. नगरपालिकेत लग्नाची नोंद करताना आपण जो अर्ज भरतो, त्याचं कायद्यातलं नाव ‘ज्ञापन’ असं आहे. शब्द योजणाऱ्याच्या मनात न्यायशास्त्र होतं की नाही कोण जाणे, पण शब्द अचूक पडला आहे.

पूर्वी दिव्याची गरज फारशी नव्हती. अग्नी साक्षीला असे, मांडवात भावकी असे, गाव जेवून गेलेलं असे. अमक्याची सून कोण, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक. इंग्रजी अमलात कागद आला तो समाजासमाजाच्या वाटेनं. 1865 च्या पारशी विवाह कायद्यानं लग्न लावणाऱ्या धर्मगुरूवर दाखला देण्याची जबाबदारी टाकली. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यात परवाना आहे खरा, पण तो वधूवरांना नाही. लग्न लावणाऱ्याला आहे. मुसलमानांचा निकाहनामा तर मुळातच कराराचा लेख, मेहेरच्या रकमेसह.

त्याच 1872 साली नागरी विवाहाचा कायदा आला. ब्राह्मो समाजाच्या मागणीतून तो निघाला, पण त्यात एक मोठी अट होती. आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, यांपैकी कुठलाच धर्म मानत नाही, असं वधूवरांनी लिहून द्यायचं. सरकारला साक्षीला बोलवायचं तर आधी धर्म सोडून या, असाच त्याचा अर्थ. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी वेगळी वाट काढली. 1873 मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी भटजीविना पहिलं लग्न लागलं. त्यांनी धर्म सोडला नाही, मधला माणूस तेवढा काढला. पुढे 1923 च्या दुरुस्तीनं हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांत लग्न करताना ते लिहून देणं उरलं नाही.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई प्रांत या बाबतीत बराच पुढे होता. 1946 मध्ये इथे हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी झाली, आणि 1951 मध्ये न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी तो कायदा उचलून धरला. 1953 चा मुंबई विवाह नोंदणी कायदा त्यानंतरचा. इथे बदलापूरची आठवण काढली पाहिजे. 1927 साली बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. वीस वर्षांनी तेच कायदेमंत्री झाले, आणि त्यांच्या हिंदू कोड बिलात धार्मिक आणि नागरी अशा दोन्ही विवाहांना जागा होती. बिल रखडलं, 1951 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. नंतर त्याचेच तुकडे होऊन 1955 चा हिंदू विवाह कायदा आला.

त्याच्या अटी आपण थोडक्यात पाहू. लग्नाच्या वेळी दोघांपैकी कुणाचाही कायदेशीर जोडीदार हयात नसावा. संमती देण्याइतकी बुद्धी शाबूत असावी. आज वराचं वय 21 आणि वधूचं 18 पूर्ण हवं. निषिद्ध नात्यात लग्न नसावं, पण रूढी असेल तर चालेल. ही शेवटची सवलत महत्त्वाची. मराठी मुलखात कित्येक जातींत मामेबहिणीशी लग्न होतं. उत्तरेकडच्या बहुतेक हिंदूंना ते ऐकवतही नाही. इरावती कर्व्यांनी हा भेद फार नीट मांडला आहे.

या कायद्यानं लग्न घडतं ते विधींनी. सप्तपदीची रीत असेल तिथे सातवं पाऊल पडलं की. विधी कारक, नोंद ज्ञापक. हे ऐकायला छान वाटतं, पण याची किंमत कोण मोजतं? महाराष्ट्रातलाच एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, 1965 मध्ये निकाल लागला. पहिली बायको हयात असताना नवऱ्यानं ‘गांधर्व’ पद्धतीनं दुसरं लग्न केलं होतं. होम नाही, सप्तपदी नाही, आणि त्यांच्याशिवाय लग्न लावण्याची रूढीही शाबीत झाली नाही. म्हणून दुसरं लग्न कायद्यानं लागलंच नाही, म्हणून गुन्हाही नाही. नवरा सुटला. पहिलीला न्याय नाही आणि दुसरीला पत्नीपद नाही. अशा वेळी दिव्याची गरज कळते.

आता आपल्या या तीन गावांकडे येऊ. उल्हासनगर म्हणजे महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं इथे बराकींत राहिली, आणि 1949 मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते त्या वसाहतीचं शहर झालं. या माणसांचं घर गेलं, शेत गेलं, आणि आणखी एक गोष्ट गेली तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. त्यांच्या लग्नाला हजर असलेलं गाव गेलं. साक्षीदार दहा शहरांत पांगले. शिवाय सिंध्यांत लग्नानंतर मुलीचं नाव बदलण्याची चाल, जशी आपल्याकडे ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहिण्याची. माहेरची अमुक आणि सासरची तमुक एकच, हे सांगणारं माणूस उरलं नाही, की ते काम कागदालाच करावं लागतं.

अंबरनाथची गोष्ट थोडी निराळी. तिथल्या शिवमंदिराच्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी 1060, ही नोंद आहे. हजार वर्षांपूर्वीची वस्तू आपल्याला कळते ती त्या ज्ञापनामुळे. आजचं अंबरनाथ मात्र आयुध निर्माणीचं आणि कारखान्यांचं. कामगार इथे राही, लग्न गावी लागे. अचानक तो गेला की फंडासाठी, पेन्शनसाठी बायकोनं दारोदार पुरावे गोळा करायचे. बदलापुरात तर आता नव्या इमारतींत शेजारच्या दाराआड कोण राहतं हेही ठाऊक नसतं.

म्हणून 1998 चा महाराष्ट्राचा कायदा समजून घ्या. लग्नानंतर 90 दिवसांत ज्ञापन द्यायचं. दोघांच्या सह्या, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही, वयाचे आणि राहण्याचे पुरावे, लग्नपत्रिका. उशीर झाला तरी नोंद करता येते, आणि नोंद नाही एवढ्यानं लग्न रद्द होत नाही. 14 फेब्रुवारी 2006 रोजी ‘सीमा विरुद्ध अश्विनीकुमार’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. बालविवाह, द्विभार्या, पोटगी, विधवेचा वारसा, ही कारणं त्यात आहेत. महाराष्ट्रात ही सक्ती आधीपासूनच होती.

एका ठिकाणी मात्र सरकार स्वतः कारक होतं. 1954 चा विशेष विवाह कायदा. धर्म कुठलाही असो, सोडावा लागत नाही. दोघांपैकी एकानं तरी त्या जिल्ह्यात 30 दिवस राहिलेलं हवं. जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची, ती कार्यालयात लावली जाते, 30 दिवस हरकतींची वाट पाहायची, मग तीन साक्षीदारांपुढे लग्न. नोटिशीपासून तीन महिन्यांत ते झालं नाही, तर पुन्हा नोटीस.

ही भिंतीवरची नोटीस आम्हांला खटकते. पळून आलेल्या आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्याचं नाव-गाव महिनाभर भिंतीवर असतं. साक्षीदाराचं काम पाहण्याचं. इथे तो पाळत ठेवणाऱ्यांना वाट दाखवतो. अलाहाबाद उच्च न्यायालयानं जानेवारी 2021 मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली, पण कायद्याचं कलम अजून तसंच आहे. हिंदू विधी करून लग्न लावणाऱ्यांना अशी नोटीस लावावी लागत नाही, मग यांना का?

आता दुसरं टोक. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्यानं हिंदू विवाह होत नाही. व्हिसासाठी, घरासाठी ‘आधी कागद करून ठेवू, लग्न नंतर’ म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. घडा नसताना दिवा लावून उपयोग नाही.

तेव्हा सार एवढंच. सरकारनं दिवा व्हावं, पहारेकरी होऊ नये. आणि आपण तो दिवा लावण्यात आळस करू नये, कारण अंधारात ठेच लागते ती बहुतेक वेळा बाईलाच. ज्यांच्या लग्नाला तीस-चाळीस वर्षं झाली आणि नोंद राहून गेली, त्यांनीही साक्षीदार हयात आहेत तोवर ती करून घ्यावी.

इथे आपण थांबू. काही प्रश्न असतील तर जरूर विचारा.