कायदेसाहाय्य, विशेष शिक्षणासाठी मोफत (आष्टी, जि. वर्धा)

दिव्यांग बालकाच्या शिक्षणहक्कासाठी सरकारी खर्चाने मिळणारा सल्ला, अर्जलेखन व वकील. १९४२च्या लढ्यातील हुतात्म्यांमुळे ‘शहीद’ म्हणून ओळखली जाणारी आष्टी वर्धा जिल्ह्याच्या पार कोपऱ्यात आहे. जिल्हा न्यायालयाच्या एका खेपेत रोजमजुराचा दिवस मोडतो, म्हणून इथे मदत कुठून सुरू करायची हे महत्त्वाचे ठरते.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, बालके आणि दिव्यांग व्यक्ती यांना मोफत कायदेसाहाय्य मिळते आणि त्यांना उत्पन्नाची अट नाही. दिव्यांग मूल तर दोन्हीकडून पात्र. तरीही ‘ही सोय फक्त गरिबांची’ असे समजून अनेक पालक त्या वाटेला जात नाहीत. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. १५१०० हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे.

हक्काचा गाभा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये आहे. किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षण मिळते, तेही जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. ही निवड मुलाची, म्हणजे व्यवहारात घरच्यांची, मुख्याध्यापकांची नव्हे. परीक्षेत लेखनिक, जादा वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचाही कायद्यात उल्लेख आहे. तीव्र दिव्यांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय शिक्षण हक्क कायद्याने दिला आहे. ‘याला घरीच राहू द्या’ असे शाळेने परस्पर सांगणे मात्र त्यात बसत नाही.

प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे कोर्टाची पायरी चढण्याआधीच मिटवता येतात. प्रवेश किंवा सवलत तोंडी नाकारली, तर आधी लेखी अर्ज द्यावा. दोन प्रती काढाव्यात; एक द्यावी आणि दुसरीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांकासह पोच घ्यावी. एवढा कागद हाती असला की वकिलाला नोटीस लिहायला आधार मिळतो. पुढची पायरी गटशिक्षणाधिकारी, त्यानंतर पुण्यातील दिव्यांग आयुक्त. आयुक्तांना चौकशीत साक्षीदार बोलावण्याचे व कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत.

खरी अडचण शिक्षकांची आहे. रजनीशकुमार पांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक व त्यापुढे १५ मागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले. विशेष शिक्षक शाळेत कधी, किती वेळा आले हे माहिती अधिकाराखाली दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पवर विचारता येते. उत्तराची मुदत ३० दिवस.