दुष्काळाचे लाकडी दप्तर

ज्यांचे दप्तर नाही त्यांना इतिहास नाही, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना ही अडचण चांगली ठाऊक आहे. मालकाचे हिशेब कपाटात राहतात. कामगाराचे हाल त्याच्याबरोबर जातात. म्हणून आज आम्ही अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील एका दुष्काळाची हकीकत सांगणार आहोत. तिचा साक्षीदार लाकूड आहे.

त्या कोरड्या पठारावर प्वेब्लो लोकांचे पूर्वज दगडी घरे बांधून राहत आणि मका पिकवीत. त्यांनी बखरी लिहिल्या नाहीत. पण घरांना पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या तुळया घातल्या. असे झाड खोडात दरवर्षी एक वलय वाढविते. पावसाच्या वर्षी रुंद, कोरड्या वर्षी अरुंद. ए. ई. डग्लस हे मूळचे खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरील डागांचा माग काढताना ते या वलयांकडे वळले. जिवंत झाडांच्या वलयांशी जुन्या तुळयांची वलये जुळवीत ते शतकानुशतके मागे गेले. मधला तुटलेला दुवा १९२९ साली शो लो गावी मिळालेल्या एका जळक्या तुळईने सांधला, आणि १२७६ ते १२९९ पर्यंतचा मोठा दुष्काळ वर्षवार उभा राहिला.

परंतु अरुंद वलय म्हणजे दुष्काळच, असे नव्हे. किडीने वा शेजारच्या झाडाच्या सावलीनेही वाढ खुंटते. येथे कार्बनची समस्थानिके उपयोगी पडतात. हवेतील कार्बनात शंभरांत सुमारे ९९ भाग हलका कार्बन-१२ असतो व सुमारे एक भाग जड कार्बन-१३. पान हलका कार्बन अधिक पसंत करते. पाणी तुटले की झाड पानांवरील रंध्रे मिटते. पाणी वाचते, पण ताजी हवाही अडते. मग आत उरलेल्या हवेतला जड कार्बनही अधिक वापरावा लागतो, आणि तो लाकडात उतरतो. फार्कर, ओलिअरी व बेरी यांनी १९८२ साली याचे गणित मांडले. वलयाची रुंदी सांगते झाड किती वाढले. कार्बन सांगतो त्याने पोटाला किती चिमटा घेतला.

कोळशाच्या धुरातला कार्बनही हलकाच. म्हणून औद्योगिक युगातील वलये वाचताना त्याची वजावट करावी लागते. कारखान्यांच्या धुराची नोंद अशी दूरच्या रानातील झाडांतही झाली आहे.

मग ती वस्ती दुष्काळानेच उठली काय? आधीचे दुष्काळ त्याच लोकांनी सोसले होते. काही कुटुंबे १२७६ पूर्वीच निघाली होती. त्या काळच्या मारामाऱ्यांच्या खुणाही हाडांवर सापडतात. झाड पावसाची तूट सांगते. कोठारात धान्य किती होते आणि ते कोणाच्या वाट्याला आले, हे झाडाला विचारून उपयोग नाही. आणि ती माणसे नाहीशीही झाली नाहीत. होपी, झुनी आणि रिओ ग्रांदेकाठच्या गावांत त्यांचे वंशज आजही नांदत आहेत. त्यांच्या परंपरेत सांगितल्या जाणाऱ्या स्थलांतराच्या कथा तुळयांशेजारी ठेवून ऐकल्या, तरच हा इतिहास पुरा होईल.