डाग, बिल्ला आणि तांदळाएवढी चिप

भांडुपच्या आमच्या घरात कुत्रा आला तो मुलाच्या हट्टानं. आता मुलगा नोकरीसाठी जर्मनीला निघाला, तर कुत्राही निघाला. तिकडं न्यायचं तर आधी त्याच्या अंगात चिप बसवायची, मग रेबीजची लस द्यायची. क्रम उलटा झाला तर ती लस धरत नाहीत. लस टोचली ती याच कुत्र्याला, हे सांगणारं दुसरं कोण आहे?

डॉक्टरांनी दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत धरली आणि जरा जाड सुई आत घातली. कुत्रं एकदा कुंईं करून गप्प झालं. आत गेली ती तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. तिला बॅटरी नाही, काही नाही. वाचायचं यंत्र जवळ धरलं की त्याच्या लहरींवरच ती क्षणभर जागी होते आणि आपला नंबर सांगते. पंधरा आकडे. हे मानक १९९६ साली जगभरासाठी ठरलं. पहिले तीन आकडे देशाचे किंवा चिप बनवणाऱ्याचे असतात, बाकीचे त्या एका जनावराचे. शेजारच्या बाई म्हणाल्या, "मग आता हरवला तर मोबाइलवर दिसेल ना?" नाही दिसणार. चिप कुठं आहे ते सांगत नाही, कोण आहे तेवढं सांगते. तेही कुणी विचारलं तर.

यंत्र टीं करून वाजलं आणि मला जळक्या केसांचा वास आठवला.

१९७२ चा दुष्काळ. आमचं गाव पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरच्या शेजारी. आण्णा आधीच भांडुपला कारखान्यात लागले होते, गावाकडं आजोबा आणि आम्ही. बैल छावणीवर धाडायचे ठरले, तेव्हा आजोबांनी विळा लालभडक तापवला आणि दोघांच्या मांडीवर एकेक आडवा डाग दिला. मी रडलो. आजोबा म्हणाले, "आरं, तिथं हजार बैलं आस्त्याल. उद्या कुणी म्हनलं ह्यो माझा, तर तू काय दाखिवशील?" पवळ्या आणि चांद्या ही नावं आमच्या घरापुरती होती. छावणीवर प्रत्येक दावणीला एक पवळ्या असणारच.

तोच विळा औषधालाही चाले. बैल लंगडायला लागला, खांदा सुजला की डागायचं. त्यानं बरं किती वाटत असेल ते बैलच जाणे. पण ओळख आणि दवापाणी ही दोन्ही कामं एका लोखंडाची होती. बेल्ह्याच्या बाजारात दलाल बैलाचे दात बघे, अंगावरचे भोवरे बघे आणि डागांवर हात फिरवून जुन्या दुखण्यांचा अंदाज घेई. बैलाची सगळी चोपडी कातडीवरच लिहिलेली.

पुढं कर्जाच्या गाई-म्हशी आल्या. १९८० नंतर सरकारी योजनांतून गावोगाव जनावरं वाटली गेली. कर्ज आलं तसा विमा आला, आणि विम्याबरोबर कानातला बिल्ला. धाकट्या भावानं अशीच एक संकरित गाय घेतली होती. तिसऱ्या वेताला पोट फुगून एका रात्रीत गेली. सकाळी साहेब आले, त्यांनी आधी कान बघितला. बिल्ला नव्हता. महिनाभरापूर्वी कुंपणाच्या तारेत कान अडकून फाटला होता, बिल्ला कुठं पडला ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भावानं पंचनामा दाखवला, डेअरीचं पुस्तक दाखवलं, फाटका कान तर समोरच होता. "बिल्ला नाही तर विमा नाही." मेलेली गाय दारात, आणि कागदावर ती गाय त्याची नव्हतीच. कर्ज त्यानं चार वर्षं फेडलं. मी भांडुपहून दोनदा मनीऑर्डर केली, त्यात कितीसं भागणार.

म्हणून २०१९ नंतर लाळ्या-खुरकताच्या लसीबरोबर जनावरांच्या कानात पिवळे बिल्ले मारायला सुरुवात झाली, तेव्हा गावातले काही जण कुरकुरले, भाऊ नाही कुरकुरला. बारा आकड्यांचा नंबर. लोक त्याला जनावराचं आधार कार्ड म्हणतात. २०२२ मध्ये लम्पी आला, बाजार बंद झाले, तेव्हा कुणाला लस मिळाली आणि कुणाला राहिली हे याच नंबरावर बघता आलं. १ जून २०२४ पासून तर महाराष्ट्रात बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री बंद. कान अजूनही फाटतात, पण नवा बिल्ला मारून जुना नंबर त्याला जोडता येतो. भावाची गाय गेली तेव्हा ही सोय असती तर!

गाईचा कान हाती तरी लागतो. बिबट्याचा कान कोण धरणार?

भांडुपच्या डोंगराकडची वस्ती, म्हणजे टेंभीपाडा, खिंडीपाडा आणि पालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्राची बाजू, राष्ट्रीय उद्यानाला टेकलेली. २००४ च्या जूनमध्ये उद्यानाभोवती बिबट्यानं माणसं मारली. संध्याकाळी सातला आमच्या चाळीतली पोरं आत घेतली जात. पिंजरे लागले. एक धरला की लोक म्हणत, "हाच तो." कशावरून हाच, ते कुणी सांगू शकत नव्हतं. आण्णा तेव्हा निवृत्त होऊन घरीच होते. ते म्हणत, "डाग नसलेलं जनावर. ज्याला धरलं त्यो चोर."

तिकडं आमच्या मुलखाशेजारी, जुन्नर भागात, उसातले बिबटे धरून दुसऱ्या जंगलात सोडायचं काम बरीच वर्षं चाललं होतं. विद्या अत्रेय यांनी तिथं अभ्यास केला. पकडलेल्या बिबट्याच्या शेपटीच्या बुडाशी चिप घालायची, म्हणजे पुढं पुन्हा पिंजऱ्यात आला तर तोच की दुसरा ते कळतं. त्यांच्या अभ्यासातले आकडे मला फार बोलके वाटतात. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. आसपासच्या जंगलांत २९ बिबटे आणून सोडल्यावर ती सरासरी १७ वर गेली. भीती उचलून लांब टाकायला गेले, ती वाढून परत आली.

आणि मग २००९ च्या उन्हाळ्यात टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. आमचीच टाकळी! त्याला काढलं, चिप घातली, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि माळशेज घाटाच्या पायथ्याशी सोडलं. स्वभावानं शांत, वयानं पोक्त, म्हणून त्याचं नाव आजोबा. साधारण महिनाभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालला. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कसारा स्टेशनाजवळून गेला, वसईची खाडी पोहला आणि मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत एकाही माणसाला हात लावला नाही. हा सगळा माग पट्ट्यामुळं कळला. पेपरातली ती बातमी आण्णांनी दोनदा वाचली. "आपुन माळशेजनं कल्याणला यष्टीत आलो, ह्यो पायी आला," एवढंच म्हणाले. ते स्वतः आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची पेटी आणि गाववाल्याचा पत्ता होता.

पुढं पट्टा मुका झाला. दोन वर्षं आजोबा कुठं होता ते कळलं नाही. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर गाडीच्या धडकेत एक बिबट्या मेला. शेपटीपाशी यंत्र धरलं तर नंबर आला. हा तोच, टाकळीच्या विहिरीतला. चिप नसती तर रस्त्यावर मेलेला एक बिबट्या, एवढीच नोंद झाली असती. त्याच्यावर नंतर सिनेमाही निघाला, उर्मिला मातोंडकरचा. आण्णांना त्यातली गाणी नको होती, विहीर दाखवली का एवढंच विचारलं.

अर्थात अंगावरच्या ठिपक्यांवरूनही बिबट्या ओळखता येतो; दोन बिबट्यांचे ठिपके सारखे नसतात. २०१५ मध्ये उद्यानात झाडांना कॅमेरे बांधून तसे ३५ बिबटे मोजले. पण ती ओळख आधीचा फोटो असेल तरच. चिपचंही तसंच आहे. वहीत नोंद नसेल तर नुसते पंधरा आकडे.

शरीराचा ताप सांगणाऱ्या चिपाही निघाल्यात, असं आमचे डॉक्टर म्हणाले. थर्मामीटर लावायला नको, यंत्र धरलं की ताप कळतो. भावाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "गाईला ताप हाय का न्हाई ते मला तिच्या रवंथावरनं कळतं. त्या चिपंत विमा मिळतो का ते इचार."

मी नाही विचारलं. कुत्र्याच्या नोंदीत मुलाचा भांडुपचा पत्ता आणि इथला फोन नंबर लिहिला होता. डॉक्टर म्हणाले, तिकडं गेल्यावर हा बदलून घ्या, सगळे तेच विसरतात. मुलगा हो हो म्हणाला. मी घरी येऊन ते पंधरा आकडे जुन्या डायरीत उतरवून ठेवले. भावानं त्याच्या पाचही गाईंचे बारा-बारा आकडे गोठ्याच्या पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहिलेत, दर पावसाळ्यानंतर ते पुन्हा गिरवतो.