फेन-प्लवनाचे नियंत्रण

बारीक दळलेले धातुक (कच्ची धातू) पाण्यात कालवून त्यात हवेचे बुडबुडे सोडले असता, पाण्याने न भिजणारे खनिजकण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात व भिजणारे कण खाली राहतात. या पद्धतीस फेन-प्लवन म्हणतात. तत्त्व सोपे आहे. कोणत्या खनिजाने वर यावे व कोणत्याने खाली राहावे हे ठरविणे अवघड असते. तिचा इतिहास हा मुख्यतः या नियंत्रणाचाच इतिहास होय.

ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे शिसे काढून घेतल्यावर उरलेल्या जस्तयुक्त गाळाचे प्रचंड ढीग साचले होते. त्यांतील जस्त मिळविण्यासाठी १९०१-०२ च्या सुमारास पॉटर व डेलप्रॅट यांनी अम्लाच्या साहाय्याने बुडबुडे निर्माण करण्याच्या कृती शोधून काढल्या. तेलाचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी ठेवून मिश्रण जोराने घुसळल्यास टिकाऊ फेस येतो, असे १९०५ मध्ये सलमन, पिकार्ड व बॅलट यांना आढळले. अधिक तेल म्हणजे अधिक फेस, ही स्वाभाविक समजूत येथे खोटी ठरली. या अल्प प्रमाणावरूनच पेटंटाचे वाद झाले व ते १९१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

तरीही निरनिराळी सल्फाइडे फेसात एकत्रच येत. शेरिडन व ग्रिसवोल्ड यांनी १९२२ मध्ये सायनाइड व झिंक सल्फेट वापरून जस्ताचे खनिज खाली दाबून धरले आणि शिशाचे तेवढे वर आणले. दाबलेले जस्त-खनिज नंतर मोरचुदाने पुन्हा तरंगविता येते. १९२५ मध्ये केलर यांच्या पेटंटाने झँथेट हे संग्राहक द्रव्य पुढे आले; त्याची अगदी थोडी मात्रा पुरते. चुन्याने पाण्याची क्षारता वाढविल्यास लोहमाक्षिक तरंगत नाही.

कारखान्यात मात्र पेच रोजचाच असतो. फेस भराभर काढला, तर धातू अधिक हाती येते, पण तिच्याबरोबर मातीही येते. बेताने काढला, तर माल शुद्ध मिळतो, पण धातू गाळात वाया जाते. दीर्घकाळ हा निर्णय फेसाचा रंग व बुडबुड्यांचा आकार पाहून अनुभवी कामगारच घेत. १९६० नंतरच्या दशकात क्ष-किरण विश्लेषक व त्यानंतर कॅमेरे आले, तरी ही नजर निरुपयोगी ठरलेली नाही. गोंदिया जिल्ह्यालगतच्या बालाघाट जिल्ह्यातील मलांजखंड येथे हिंदुस्थान कॉपर या कंपनीच्या प्रकल्पात सु. एक टक्का तांबे असलेले धातुक याच पद्धतीने संपृक्त केले जाते. इतक्या गरीब धातुकात गाळाबरोबर जाणारा अल्प अंशही महाग पडतो.

कॅल्शियमयुक्त खनिजांचा प्रश्न याहून कठीण आहे. खतांसाठी लागणारे ॲपेटाइट व त्याच्यासोबत आढळणारे कॅल्साइट या दोहोंत कॅल्शियम असल्याने मेदाम्ले दोहोंनाही चिकटतात. पुणे येथे १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन, विकास व अभिकल्प केंद्रात प्रदीप, बीना राय व त्यांचे सहकारी यांनी संग्राहकाच्या रेणूची रचना खनिजाच्या पृष्ठावरील अणूंच्या मांडणीशी कितपत जुळते, हे संगणकावर तपासले. डायफॉस्फॉनिक अम्लांवरील त्यांचे निबंध २००२ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पूर्वी शेकडो द्रव्ये एकामागून एक चाचपून पाहावी लागत. आता प्रयोगशाळेत कोणती आधी घ्यावीत, हे अशा गणितावरून सुचविता येते.